वाढीव खण

आप्पा कासारांनी आयुष्यात पहिल्यांदाच घराशी सरळ दोन शब्द बोलायचं मनावर घेतलं, आणि घराने ते नको तितक्या आज्ञाधारकपणे ऐकले. पुढचा सगळा घोळ त्यातून झाला.

घर ऐकतं, बोलतं, गरजेप्रमाणे लहानमोठं होतं, याचं नव्या माळवाडीत २०४३ साली कुणालाच नवल राहिलं नव्हतं. जुनी माळवाडी कृष्णेच्या काठावर होती. नदी दर दोन-तीन वर्षांनी घरात येऊन जायची, तेव्हा शेवटी वैतागून गावच माळावर चढलं. तिथे विटा रचत बसायला वेळ नव्हता, म्हणून कारखान्यात तयार झालेली घरं आली. कागदोपत्री त्यांच्या एकेका खोलीचं नाव 'निवासी एकक' असं होतं. पण दहा फूट बाय दहा फुटांची ती खोली घडी घातलेल्या अवस्थेत ट्रॉलीवरून उतरली आणि पाहता पाहता उलगडून उभी राहिली, तेव्हा गर्दीतलं कुणीतरी म्हणालं, "ह्यो तर आपला खणच की!" जुन्या घरांची मापं खणांतच मोजली जायची. त्या दिवसापासून 'एकक' हा शब्द फक्त साहेबांपुरता उरला.

खरी करामत खणाच्या भिंतींत होती. साखर कारखान्यातून निघणारा उसाचा भुसा घ्यायचा, त्यात खास जोपासलेल्या एका बुरशीचं बी मिसळायचं आणि ते साच्यात दाबून ठेवायचं. दुधात विरजण पसरावं तशी ती बुरशी भुशात पसरते. तिचे केसाहून बारीक तंतू कण न् कण बांधून घेतात आणि आठवड्याभरात लाकडासारखी टणक फळी तयार होते. मग फळी वाळवली की बुरशी झोपी जाते, पण मरत नाही. अशा दोन फळ्यांच्या कडा एकमेकींना भिडवून त्यांवर मळीचं गोडसर पाणी शिंपडत राहिलं, की ती जागी होते. एका फळीतले तंतू दुसरीत शिरतात आणि अकरा दिवसांत सांधा असा जुळतो की कुठे होता हे बोटालाही सापडत नाही.

खण काढायचा तर सांध्यात बसवलेली तार तापवायची. तंतू जळतात, खण सुटतो. पण एकदा जळलेली कड पुन्हा कशालाच जुळत नाही; ती कारखान्यात नेऊन तिच्यावर नव्याने बी पेरावं लागतं. म्हणून नियम असा होता की खण वाढवायला घरातल्या एका माणसाचा होकार पुरे, पण काढायला दोघांचा हवा. खण कुणाच्या मालकीचे नव्हते, सगळे गावाचे. लग्न झालं, मूल झालं की मागून घ्यायचे, माणसं कमी झाली की परत करायचे.

हे सगळं बघायला प्रत्येक घरात एक यंत्र होतं. त्याचा आवाज बाईचा, म्हणून सुरुवातीला त्याचं नावही 'बाई' ठेवलं होतं. पण गावातली कुठलीही बाई दूध उतू गेलं की "अगं बाई!" म्हणायची, आणि भिंतीतून उत्तर यायचं, "बोला, काय सेवा करू?" महिन्याभरात लोक इतके कावले की नाव बदलून 'मुकादम' करावं लागलं. आवाज मात्र बाईचाच राहिला.

आप्पा या मुकादमाशी कधी बोलायचे नाहीत. ते काम वैजूचं. वैजू, म्हणजे वैजयंती, त्यांची सून. चौतिशीची, गावच्या दवाखान्यात औषधं देणारी, कामाला वाघ आणि बोलायला मोजकी. घरात दोघंच. पुढच्या खणात आप्पांचं बांगड्यांचं दुकान, मधल्यात स्वयंपाक, मागच्यात वैजूची खोली. आप्पा एकाहत्तर वर्षांचे होते आणि रात्री दुकानातच बांगड्यांच्या पेट्यांशेजारी अंथरूण घालायचे.

आप्पांचा मुलगा, संजीव, चार वर्षांपूर्वी काविळीने गेला. तेव्हा शेजारच्या दोन म्हाताऱ्या वैजूच्या हातातल्या बांगड्या वाढवायला आल्या होत्या. आप्पा दारात आडवे उभे राहिले. "त्या बांगड्या मी भरल्यात," एवढंच म्हणाले. म्हाताऱ्या परत गेल्या. त्यानंतर दोघांनी एकमेकांना कसं सांभाळलं ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. त्यावर दोघंही कधी अवाक्षर बोलले नाहीत, पण आप्पांच्या रक्तदाबाची गोळी एक दिवस चुकली नाही, आणि वैजू दवाखान्यातून येईपर्यंत आप्पांनी कधी चहा घेतला नाही.

आणि आता श्रीधर पत्रावळे मधे आला होता.

हा श्रीधर कारखान्याचा सांधेकरी. म्हणजे खण जोडणारा आणि सोडवणारा माणूस. अडतिशीचा. दोन बहिणींची लग्नं करता करता याचं स्वतःचं राहून गेलेलं. हात कापला म्हणून एकदा वैजूच्या दवाखान्यात आला, आणि जखम बरी झाल्यावरही दर आठवड्याला येत राहिला. शेवटी एकदाचं धाडस करून त्याने वैजूला विचारलं, तिने "विचार करते" म्हटलं, आणि मग तो रीतसर आप्पांनाही भेटून गेला. माणूस आप्पांना आवडला. दुकानात बसून बोलताना त्याने सहज एक बांगडी उचलली ती दोन बोटांत, काठाने. काचेला कसं धरायचं हे ज्याला कळतं तो माणसालाही नीट धरील, असा आप्पांचा उभ्या जन्माचा अंदाज होता.

पण वैजूचं काही पुढे सरकेना. आणि एका दुपारी आप्पांच्या कानावर ते पडलंच. ती मिरजेच्या भावाशी फोनवर बोलत होती.

"नाही रे दादा. चांगला आहे, नाही कोण म्हणतंय? पण तो राहतो कारखान्याच्या वसाहतीत, पंचवीस किलोमीटरवर. मामांना एकटं टाकून जाऊ का? बारशाला येतेय ना, तेव्हा बोलू. मी त्याला नकारच कळवणार आहे."

मामा म्हणजे आप्पा. त्या भागात सून सासऱ्याला मामाच म्हणते.

आप्पांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. आपल्या एका म्हाताऱ्या जिवापायी ही पोर जन्म जाळणार, हे त्यांना सहन होईना. समजावून ऐकणारी ती नव्हे. 'तू जा' म्हटलं तर उलट पाय रोवून बसेल. मग त्यांच्या डोक्यात आलं की तिच्या राहण्याची जागाच उरली नाही तर? ती बारशाला चार दिवस जाणार. तेवढ्यात तिचा खण गावाला परत करून टाकायचा. आली की सांगायचं, 'एकट्या माणसाला दोन खण पुरे, माझी सोय झाली, आता तू तुझं बघ.' रडेल, चिडेल, पण जाईल. या बेतात आपलं काय होईल याचा विचार त्यांनी केला, आणि लगेच सोडूनही दिला.

वैजू मंगळवारी सकाळी मिरजेला गेली. आप्पांनी तिच्या साड्या, पुस्तकं, टेबलावरचा संजीवचा फोटो, सगळं दोन ट्रंकांत नीट भरलं आणि दुकानात आणून ठेवलं. मग रिकाम्या खोलीच्या दारात उभं राहून घसा साफ केला.

"मुकादम."

"बोला, आप्पा."

आता 'खोली काढ', 'खोली बंद कर', 'तोड' असं काहीतरी म्हणायला हवं होतं. पण आप्पा कासार होते. त्यांच्या चार पिढ्यांत बांगडी कधी फुटली नव्हती, वाढली होती. दुकान कधी बंद केलं नव्हतं, वाढवलं होतं. दिवा विझवला नव्हता, नारळ फोडला नव्हता. सगळं वाढवलंच होतं. जिथे नाहीसं होण्याचा संबंध येईल तिथे हा एकच शब्द त्यांच्या तोंडात आपसूक यायचा. तोच आला.

"वैजूची खोली वाढव."

"किती वाढवू?" मुकादमाने विचारलं.

"किती म्हंजे? समदी. पुरा खण."

"पूर्ण एक खण वाढवायचा. बरोबर?"

"बरोबर."

"मागणी नोंदवली. गुरुवारी सकाळी सांधेकरी येईल."

मुकादमाने दुसऱ्या कुणाचा होकार मागितला नाही. आप्पांना तिथेच शंका यायला हवी होती. पण त्यांचे डोळे भरून आले होते, आणि भरल्या डोळ्यांनी नियम आठवत नाहीत.

गुरुवारी ते पहाटेच उठून बसले. खोली डोळ्यांदेखत सुटताना बघायची नव्हती, म्हणून पलूसच्या बाजाराला जायचं ठरवून त्यांनी पेटी बांधली. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकतात तोच श्रीधरची मोटरसायकल दारात थांबली. ट्रॉली मागून येत होती.

श्रीधरने गाडी लावली, पुढे झाला आणि वाकून त्यांच्या पाया पडला.

"मामा," तो म्हणाला, "रात्री मागणी बघितली आणि झोपच लागली नाही बघा. तुम्ही एवढं मनावर घ्याल असं वाटलं नव्हतं."

अख्खा गाव आप्पा म्हणतो आणि हा मामा काय म्हणतो, हे आप्पांना कळेना. शिवाय एका म्हाताऱ्याच्या घरातली खोली काढून न्यायला इतकं खूश होऊन यावं, हेही त्यांना जरा खटकलं. पण ते म्हणाले, "तिचं भलं व्हतंय तर मी कशाला आडवा येऊ?"

"दुसऱ्या कुणाला हे सुचलं नसतं."

"सुचायचं काय त्यात? जागेचाच तर घोळ हुता."

"तेच तर!" श्रीधर म्हणाला. "मी वैजयंतींना फोन करून सांगू का?"

"सांग बाबा. तूच सांग. माझ्यानं व्हायचं न्हाई."

आणि आप्पा पेटी उचलून एसटीच्या थांब्याकडे चालू लागले. मागे वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर वळणावरून येणारी भरलेली ट्रॉली दिसली असती.

बाजारात त्या दिवशी त्यांचं चित्त नव्हतं. एका नवरीच्या एका हातात ठरल्यापेक्षा एक बांगडी कमीच भरली. तिच्या आईने मोजून दाखवल्यावर ओशाळले. दिवस कलायला लागला तसे परतले. घरी दोनच खण उरले असतील, मागे उघडा माळ दिसेल, अशी मनाची तयारी करत ते वळणावर आले आणि थबकले.

घर लांब झालं होतं. तिनाचे चार खण झाले होते. वैजूच्या खोलीची मागची भिंत बाजूला सरकवून तिथे नवा कोरा खण भिडवला होता, त्याला पूर्वेकडे मोठी खिडकी होती, आणि सांध्यावर मळीचं पाणी शिंपडलेलं असल्याने सगळीकडे गुऱ्हाळासारखा वास सुटला होता.

"मुकादम!" आप्पा ओरडले. "ह्ये काय केलंस?"

"तुमच्या सांगण्याप्रमाणे खोली एक खण वाढवली."

"वाढव म्हंजे काढ म्हणालो हुतो मी!"

"वाढवणे म्हणजे मोठे करणे."

"मी दुकान वाढवतो तवा दुकान मोठं हुतंय व्हय? नारळ वाढवल्यावर कलिंगडाएवढा हुतोय?"

"नारळाविषयी मला माहिती नाही," मुकादम शांतपणे म्हणाला. "खोली मोठी करायची असेल तर तुम्ही काय म्हणाल?"

"वाढव म्हणीन."

"आणि काढून टाकायची असेल तर?"

"...वाढव."

"आणि ताटात भात हवा असेल तर?"

मुकादमात घर लहानमोठं करण्याचे जे हुकूम भरले होते, त्यांत 'वाढव'ला एकच अर्थ होता. दोन अर्थ ठेवले तर घोळ होईल म्हणून. भरणारी माणसं हुशार होती, पण त्यांच्यात कासार कुणी नव्हता.

"चूक झाली असेल तर खण परत काढता येईल," मुकादम म्हणाला. "सांधा अजून जुळलेला नाही. पण कपातीला दोघांचा होकार लागेल. तुमचा आणि वैजयंती यांचा. यापुढे गोंधळ टाळण्यासाठी कृपया 'काढून टाक' असे शब्द वापरावेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीने वैजू आली. चार दिवसांचा मुक्काम पुरा न करताच. दुकानातून, स्वयंपाकघरातून तडक मागे गेली आणि नव्या खणाच्या मधोमध उभी राहिली. खिडकीतून ऊन आत आलं होतं. आप्पा दाराला धरून उभे होते.

"मामा," ती म्हणाली. "काल श्रीधरचा फोन आला. म्हणाला, मामांनी आपल्याला जागा केली. तो इथं यायला तयार आहे. आणि मी वेडी त्याला नाही म्हणायला निघाले होते. तुम्ही मला विचारलं तरी असतं!"

तिच्या तोंडावर इतकं समाधान आप्पांनी चार वर्षांत बघितलं नव्हतं. गप्प बसले असते तर सगळं निभावून गेलं असतं. पण काचेचा धंदा करणाऱ्या माणसाला तडा लपवून माल देता येत नाही.

"वैजू, माझं चुकलं. मी खोली वाढव म्हणालो, पण ती... आपलं दुकान वाढवतो तशी. मोठी कर न्हवं."

तिला क्षणभर कळलं नाही. मग तिने आपल्या खोलीतल्या रिकाम्या मांडण्यांकडे बघितलं, पुढच्या खणातल्या दोन ट्रंका आठवल्या, आणि तिचा चेहरा उतरला.

"म्हणजे मला घालवत होता?"

"घालवत न्हवतो गं! तू माझ्यापायी अडकून पडू नगंस म्हणून... फोनवर ऐकलं मी तुझं."

"एवढी जड झाले होते का?"

"तू जड?" आप्पा म्हणाले. "तू हाईस म्हणून सकाळी उठतोय मी. पर माझ्या उठण्यासाठी तू बसून राहायचं का? म्हातारा आज हाय, उद्या न्हाई. त्यो पोरगा चांगला हाय, वैजू."

"मग त्याला इथं ये म्हणायचं सुचलं नाही तुम्हाला?"

"सुचलं हुतं की. पैल्या दिवशीच. पर सुनेचा नवरा म्हणून परका गडी माझ्या घरात कशापायी राहील? आणि मी मागावं तरी कुठल्या तोंडानं?"

वैजूने डोळे पुसले. तिला राग आला होता, आणि राग आला की ती फार सरळ वागायची.

"ठीक आहे. तुमच्या मनासारखं होऊ दे. मुकादम, हा नवा खण आणि माझी खोली, दोन्ही काढून टाक. माझा होकार आहे."

"वैजयंती यांचा होकार मिळाला," मुकादम म्हणाला. "आप्पा, आपला होकार? कृपया स्पष्ट शब्दांत सांगा."

वैजू हाताची घडी घालून सासऱ्याकडे बघत होती. शब्द दोनच होते आणि सोपे होते, लहान मुलानेही म्हटले असते. आप्पांना ते म्हणता येईनात. जिभेला सवय नव्हती हे खरंच, पण आता त्यांना कळलं की मनालाही ते नको होते, मंगळवारीही नको होते.

सांध्याशेजारी श्रीधरने मळीच्या पाण्याचा डबा आणि कुंचला ठेवला होता. दिवसातून दोनदा, अकरा दिवस, असं त्याने डब्यावर खडूने लिहून ठेवलं होतं. आप्पा गुडघे धरत खाली बसले, कुंचला बुडवला आणि सांध्यावरून हळूहळू फिरवायला लागले.

"आप्पा, आपला होकार?" मुकादमाने पुन्हा विचारलं.

"गप ग जरा," आप्पा म्हणाले. "काम करू दे."

थोड्या वेळाने वैजू त्यांच्याशेजारी येऊन बसली. "तिथं वरती राहिलं," ती म्हणाली, आणि त्यांच्या हातातला कुंचला घेऊन उरलेला सांधा तिने भिजवला.

महिन्याभराने लग्न झालं. नोंदणी कार्यालयात, अर्ध्या तासात. आदल्या दिवशी आप्पांनी दुकानात पाट मांडून वैजूला हिरवा चुडा भरला. सासऱ्याने सुनेला दुसऱ्या लग्नाचा चुडा भरताना बघायला दारात ही गर्दी. आप्पांनी एकदाही मान वर केली नाही. हात दाबून, सरकवून, एकेक बांगडी चढवत राहिले, आणि या खेपेला मोजायला चुकले नाहीत.

गावाला मात्र एक नवीनच पेच पडला. श्रीधर आप्पांचा कोण? आपल्या भाषेत नवऱ्याच्या भावाच्या बायकोलाही नाव आहे, पण सुनेच्या दुसऱ्या नवऱ्याला नाव नाही. पारावर यावर रोज चर्चा व्हायची. कुणी 'सूनजावई' म्हणून बघितलं, कुणी 'घरगडी' म्हणून चेष्टा केली. श्रीधर हसून सोडून द्यायचा. आप्पांना ते लागायचं.

श्रीधर राहायला येऊन पंधरा दिवस झाले तेव्हा मुकादमाने तिघांना जेवताना गाठलं. नियमाप्रमाणे नव्या माणसाची नोंद करायची होती.

"रहिवासी श्रीधर पत्रावळे. कुटुंबप्रमुखाशी नातं काय?"

वैजूने श्रीधरकडे बघितलं, श्रीधरने ताटाकडे. "पाहुणा लिही," तो म्हणाला.

"पाहुणा तीस दिवसांपर्यंतच नोंदवता येतो."

"मग माझ्या सुनेचा नवरा," आप्पा म्हणाले.

"सुनेचा नवरा म्हणजे मुलगा. मुलगा संजीव, मयत, अशी नोंद आहे."

मुकादम वाट बघत होता. त्याला घाई कधीच नसते. आप्पांनी हातातला तुकडा ताटात ठेवला.

"जावई लिही," ते म्हणाले.

"जावई नोंदवण्यासाठी आधी मुलगी नोंदलेली असावी लागते. आपल्या नोंदीत मुलगी नाही. वैजयंती यांची नोंद सून अशी आहे."

"चुकलीया ती नोंद. आधी ती दुरुस्त कर. लेक हाय ती माझी."

"ठीक आहे. दुरुस्ती कोणत्या तारखेपासून धरायची?"

"आमच्यात आली त्या दिवसापास्नं."

"तारीख सांगा."

तारीख वैजूलाच सांगावी लागली, आणि ती सांगताना तिला मधेच दोनदा थांबावं लागलं.